मधल्या खोलीतली रेंज

कय्यूमभाई चंद्रपूरचा. त्याचं काम काय, तं गाडीत चार मोबाईल लावून रस्त्यारस्त्यानं रेंज आन नेटची स्पीड मोजत फिरणं. मी धनराज, त्याचा ड्रायव्हर. नऊ वर्षं झाली. माणूस मोठा खडूस. गाणं लावू देत नाई, आन खड्डा आला का माझ्याकडे असा पाहते, जसा मीच खणला. पण नसलेली रेंज आहे म्हणून लिही म्हटलं, तं त्याच्या बापाच्यानं बी होणार नाई. एकदाच चुकला, तेबी पाहुणचारापायी.

एटापल्लीच्या पुढे डोंगराच्या मागं मोहटोला आहे. पाच वर्षांआधी आम्ही गेलो, तं मोबाईलवाले साहेब आले म्हणून अख्खं गाव जमलं. चहा झाला, रानातल्या चारोळ्या खाऊन झाल्या. मंग वच्छलाबाई नावाच्या म्हातारीनं त्याचा हात धरला आन टेकडीवरच्या झाडाखाली नेलं. झाडाले एक डबा बांधून होता, त्यात साऱ्या गावाचे मोबाईल. "इथी मस्त रेंज येते साहेब, इथीच मोजा." पाहुण्याले आपल्याकडचं चांगलं ते दाखवावं, एवढंच त्यांच्या मनात. कय्यूमभाईनं मोजलं. कंपनीच्या नकाशात मोहटोला हिरवा झाला, म्हणजे रेंज असलेला. आन हिरव्या गावाले टॉवर भेटत नाई.

तीन वर्षांनी एटापल्लीच्या बाजारात रंजीता भेटली. ती त्या गावची आशाताई. तिची जाऊ घरातल्या मधल्या खोलीत बाळंतपणात अडली होती. तिले तशीच टाकून रंजीता गाडी बोलवाले टेकडीवर धावली. परत आली तवा बाळ गेलं होतं. "टॉवरसाठी अर्ज केला, तं म्हणते तुमच्या गावात रेंज आहे. कुठी आहे भाऊ?"

कय्यूमभाई दोन दिवस धड जेवला नाई. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "धनराज, गाडी काढ. मोहटोल्याले जायचं."

पुन्हा चहा. पुन्हा वच्छलाबाईनं हात धरला, टेकडीकडे ओढू लागली. तो जागचा हलला नाई. "बाई, आज मले तुमच्याकडचं वाईट पाहू द्या."

गाव नाराज झालं ना! साहेबाले काय शून्य दाखवायचं? पण हा घराघरात शिरला, चुलीजवळ बसून मोजलं, गोठ्यात मोजलं. शेवटी रंजीताच्या मधल्या खोलीत. चारही मोबाईलवर शून्य.

"ते हिरवं मीच लिहिलं होतं," तो तिले म्हणाला.

"दाखवलं तं आम्हीच."

"तुम्ही पाहुणचार केला. मोजायचं काम माझं होतं."

रंजीतानं पाण्याचा गिलास आणून त्याच्यापुढे ठेवला.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर त्यानं आपली चूक लिहिली. कंपनीच्या साहेबानं फोनवर त्याची पार खरडपट्टी काढली. हा "हो साहेब, चुकलोच" म्हणत राहिला. मले लय राग आला होता साहेबाचा.

मंग दीड वर्ष गेलं. परवा गोंडपिपरीच्या रस्त्यावर होतो, तं फोन वाजला. "कय्यूमभाऊ, रंजीता! टॉवर लागला! घरातून बोलून राह्यली!"

मले वाटलं, खुश होईल. हा पठ्ठ्या खेकसला, "घरातून म्हणजे कुठून? उंबरठ्यावरून? मधल्या खोलीत जा, मंग बोल!"

चालल्याचा आवाज आला. दार करकरलं. मंग तिचा आवाज हळूच आला, "आली भाऊ. तिथीच उभी आहो."

"ऐकू येऊन राह्यलं," कय्यूमभाई म्हणाला, आन लेकरासारखा रडला. मी गाडी बाजूले घेतली.