टक झालं का?

माफ करा मंडळी, ग्रुपवर पाच दिवस उशिरा लिहितोय.

मिलिंदला जाऊन मंगळवारी एक वर्ष झालं. आणि या माणसाचं दुकान मी जवळजवळ बंद पाडलं होतं.

उशीर का, तर आधी सगळं वहीत लिहून काढलं. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, एका बोटाने टाइप करतो. मध्येच कॉम्प्युटर हँग झाला तर?

गेल्या चार वर्षांत तो एकदाही हँग झालेला नाही. तरी भीती वाटतेच.

हा कॉम्प्युटर मिलिंदने जोडलाय. घोडेगावात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. साठी ओलांडल्यावर कान गेले, पण हात चालू होता. मला मोबाईलवर व्हिडिओ कॉलमध्ये नात नीट दिसत नाही म्हटल्यावर म्हणाला, "बबन, विकतचा आणू नको. मी जोडून देतो. माझा पयला कॉम्प्युटर."

शिनोलीला आमच्या घरी, खाटेवर सगळे पार्ट मांडले. त्यात रॅम नावाची एक पट्टी असते. ती खाचेत ठेवून दोन्ही टोकं टक आवाज येईपर्यंत दाबायची.

तो दाबायला लागला आणि खालचा हिरवा बोर्ड वाकलेला मला दिसला.

"हळू! आरं हळू! मोडंल!"

"मला ऐकू येत न्हाय. तू सांग, टक झालं का?"

मला काही ऐकू आलं नव्हतं. पण अजून दाबलं तर बोर्ड मोडेल, या धास्तीने मी म्हणालो, "झालं, झालं!"

कॉम्प्युटर सुरू झाला. पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी नात गाणं म्हणताना हँग. तोंड उघडं ते उघडंच. आमची सुमन घाबरली, "आवो, पोरीला काय झालं?"

मग कधी दहा मिनिटांनी हँग, कधी दोन तासांनी. मिलिंद समोर बसला की मात्र गुणी लेकरासारखा चालायचा.

त्याने पॉवर सप्लाय बदलला. स्टॅबिलायझर लावला. सगळं सॉफ्टवेअर पुसून पुन्हा टाकलं. सुमनने लिंबू-मिरची बांधली, ती त्याने सोडून तिच्या हातात दिली.

"वहिनी, लिंबाचं सरबत करा आन मिरची भाजीत टाका. मशिनीला नजर लागत न्हाय."

तिसऱ्या आठवड्यात तो सरबत न पिताच उठला.

"बबन, माझा हात गेला राव. लोकांच्या वस्तू बिघडवण्यापरीस भाच्याला दुकान दिलेलं बरं. सोमवारी किल्ली देतो."

मला जेवण जाईना. सुमन म्हणाली, "तुमी कशाला एवढं मनाला लावून घेताय?" टक ऐकू आलं नव्हतं, हे तिलाही सांगितलं नव्हतं.

सोमवारी पहिल्या जीपने घोडेगाव गाठलं. दुकानात एक बाई मिक्सर घेऊन उभी होती. मी हळूच म्हणालो, "मिलिंदा, मी खोटं बोललो."

"कोट? कुणाचा कोट?"

"खोटं! खोटं बोललो!"

"मोठ्यानं बोल की!"

मग मी ओरडलो. "टक झालंच न्हवतं! मी भ्यालो आन झालं म्हणलो!"

शेजारचा चहावाला किटली धरून बघत राहिला. मिक्सरवाली बाई दोन पावलं मागे सरकली.

मिलिंदच्या हातात पाना होता. मला वाटलं, आता तोच फेकून मारतो.

"म्हंजी," तो म्हणाला, "माझा हात चांगला हाय?"

त्याने तिथल्या तिथे मिक्सर दुरुस्त केला. मग कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्याच खिशात टाकली आणि माझ्याबरोबर जीपमध्ये बसला.

घरी आल्यावर कॅबिनेट उघडलं. "आता हळू म्हणलास तर तुझ्याच तोंडात पट्टी बसवीन."

दाबलं. टक.

"झालं?"

"एका बाजूला झालं. दुसरीकडं न्हाय."

पुन्हा दाबलं. बोर्ड वाकला. मी डोळे मिटले. टक.

"आता झालं!"

"खरं?"

"सुमनची आण."

"माजी कशाला घालता?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

दुकान पुढे तीन वर्षं चाललं, तो जाईपर्यंत. त्याने आणखी आठ-दहा घरी कॉम्प्युटर जोडले आणि प्रत्येक ठिकाणी मला बरोबर नेलं. "हा बबन. माझा कान," अशी ओळख करून द्यायचा. त्याची बोटं, माझा कान. मी पुन्हा कधी खोटं बोललो नाही.

मंगळवारी बुद्धविहारात त्याचं वर्षाचं पुण्यानुमोदन झालं. त्याच्या फोटोसमोर उभा राहिलो. मोठ्याने बोलावंसं वाटलं, पण लोक होते.

इथे बोलतो. मिलिंदा, तुझा हात चांगला होता. जयभीम, भाऊ.

आता एक विनंती. आमच्या हातचा कॉम्प्युटर ज्यांच्या घरी आहे, त्यांनी चालू आहे एवढं तरी लिहा.

आणि ओतूरच्या ताई, तुमचा कॉम्प्युटर जोडताना बाहेरून ट्रॅक्टर गेला होता. दुसरं टक मी ऐकलं, असं मला वाटतं. पण पुन्हा दाबून बघायला आता तो नाही.

लवकर कळवा. तोवर मला जेवण जाणार नाही.