बाईंचा आवाज आणि पत्र्याची खोली

माझी बायको प्राथमिक शिक्षिका आहे. म्हसवडच्या पुढे, फाट्यावरून आत गेल्यावर तिची दोन शिक्षकांची शाळा लागते. दोन खोल्यांपैकी एकीचा स्लॅब खाली पडू लागल्याने ती बंद केली गेली. तेव्हापासून चारही वर्ग पत्र्याच्या एकाच खोलीत बसत होते. पहिली-दुसरी तिच्याकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापकांकडे. दोघे एकाच लांब फळ्याच्या दोन टोकांना उभे राहून शिकवत. ते भागाकार सांगू लागले की ती बाराखडी मोठ्याने सांगे. तिचा आवाज चढला की त्यांचा चढे. पत्रा दोघांचेही आवाज खाली परत पाठवी.

पावसाळा संपता संपता तिचा आवाज बसला आणि सुटेना. साताऱ्याच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिले. स्वरतंतूंना सूज होती. ओरडणे थांबले नाही तर वर्गावर उभे राहणे सोडावे लागेल, असे त्यांनी सांगितले. तालुक्याला कार्यालयात बसून करायचे काम मिळण्यासारखे होते. परतीच्या एसटीत मी तो विषय काढला. ती कुजबुजली, "मला टेबल नको. मला पोरं पाहिजेत."

दिवाळीच्या सुट्टीत तिने खोली बदलायला घेतली. मी रजा काढून हाताखाली होतो.

आधी दिशा बदलली. तिच्या मुलांची तोंडे पूर्वेच्या भिंतीकडे, मुख्याध्यापकांच्या मुलांची पश्चिमेकडे. पाठीला पाठ.

"म्हणजे बाई, तुमचं शिकवणं आता मला दिसायचं नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

"ऐकूही यायचं नाही, सर," ती म्हणाली. त्यांनी हसून रंगाचा डबा उघडला.

भिंतींच्या खालच्या भागाला काळा रंग देऊन तळफळे केले. प्रत्येक मुलाला त्याच्या उंचीवर स्वतःची चौकट मिळाली. कोणाला काय आले नाही हे तिला आता विचारावे लागणार नव्हते, चालत जाऊन पाहता येणार होते. दाराच्या चौकटीपेक्षा वर टांगलेली चित्रे खाली आणली. ती इतकी वर का होती, हे कोणालाच सांगता आले नाही.

दोन गटांच्या मध्ये काय लावायचे, हा प्रश्न उरला. प्लायवूड उभे करून पाहिले, तर आवाज त्यावर आपटून परत येई. गावातली निम्मी घरे मेंढपाळांची. तिने घरोघर जाऊन जुनी, फाटकी घोंगडी मागितली आणि ती तारेवर ओळीने टांगली. काही पत्र्याच्या खाली ताणून बांधली. खोलीत लोकरीचा वास भरला. सुट्टीनंतर आलेल्या मुलांना त्याचे काही वाटले नाही. "बाई, ह्ये आमचं हाय," एवढीच भांडणे झाली.

पहिल्या दिवशी मुलांना थांबवण्यासाठी तिने न बोलता ताटली वाजवली. सगळा वर्ग खिचडीला पळाला. मग ती नुसता हात वर करू लागली. मुलेही हात वर करत आणि गप्प होत.

खोली शांत झाली आणि तिथेच अडले. या गावात शाळेची परीक्षा कानाने होते. समोर लिंबाचा पार आहे. पारावर पाढे ऐकू आले, तर शाळा चालू. शाळा समितीचे अध्यक्ष, सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, एका सकाळी आले.

"आवं बाई, लय तक्रारी येत्यात."

"कसल्या?"

"साळा मुकी झाली म्हणत्यात. मास्तर आन बाई घोंगडी पांघरून झोपत्यात, आसंबी म्हणत्यात."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? पण लोक पोरांचं दाखले काढत्याल. घोंगडी काढा."

घोंगडी काढणे म्हणजे पुन्हा ओरडणे. तिने त्यांना घशाचे सांगितले आणि तासभर बसायची विनंती केली. सुभेदार घोंगड्याला पाठ लावून बसले. त्यांची नात तळफळ्यावर वजाबाकी करत होती. चुकली, पुसली, पुन्हा मांडली. माझी बायको तिला न टोकता मागे थांबली होती. थोड्या वेळाने सुभेदारांनीच आवाज खाली आणून विचारले, "घरी तर ही एका जागी ठरत न्हाई. हितं काय केलंसा?"

उठताना मात्र ते म्हणाले, "पण ह्ये पारावरनं दिसत न्हाई. सांजची परेड भाईर घ्या."

तेव्हापासून शेवटच्या तासाला चारही वर्ग लिंबाखाली, पाराकडे तोंड करून उभे राहतात. एक मूल पाढा सांगते, बाकीची मागून म्हणतात. दाखला एकाही घराने काढला नाही.

डॉक्टरांनी पुन्हा तपासले. सूज बरीच उतरली आहे, पूर्ण गेलेली नाही. वर्ग सोडायला त्यांनी सांगितलेले नाही.

मध्यंतरी तिला आणायला गेलो होतो. सतराचा पाढा चालू होता. पारावरच्या एका म्हाताऱ्यांनी मला बसायला जागा करून दिली.

"बाईंचा आवाज आता लय सुधारलाय," ते म्हणाले. "पार हितवर येतोय बगा."

ती मुलांच्या मागे, लिंबाच्या खोडाला टेकून उभी होती. तोंड मिटलेले होते.