तुरीच्या डाळीसाठी दोन दिवे

"आणि हे तीन कोणासाठी?" घरातल्या वयस्कर अक्कांनी डायनिंग टेबलावर लोंबणाऱ्या दिव्यांकडे बोट दाखवलं.

माझं सगळ्यात लाडकं काम होतं ते. पितळी टोप्या, पिवळसर वॉर्म प्रकाश, टेबलाच्या बरोब्बर वर. मी उत्साहानं सुरू झाले, "रात्री सगळे जेवायला बसाल ना अक्का, तेव्हा ताटांवर असा मऊ उजेड पडेल की..."

"बेटा, आम्ही जैन. सूर्य मावळला की या घरात ताटं वाढत नाहीत."

शिडीवर उभे असलेले आमचे वायरमन सुभाषनाना खोकले. तो खोकला नव्हता, हसू होतं.

मी लाइटिंग कन्सल्टंट आहे. म्हणजे जळगावातल्या दिव्यांच्या एका शोरूमतर्फे लोकांच्या घरी जाते आणि कुठे कोणता दिवा लावायचा ते ठरवते. या घराची तीन ड्रॉइंग्ज काढली होती मी. तुम्ही जेवता किती वाजता, हे एकदाही विचारलं नव्हतं. चूक माझी. शंभर टक्के माझी.

सोप्या भाषेत सांगते. घरातला उजेड तीन प्रकारचा. एक खोलीभर पसरणारा. दुसरा कामाचा, त्याला आम्ही टास्क लाइट म्हणतो: हात जिथे चालतात तिथेच पडणारा. तिसरा शोभेचा. तिन्ही मिळून घर उजळतं. आपल्याकडे काय करतात? पीओपीचं छत करतात आणि त्यात गोल गोल दिवे ठोकत सुटतात. या घरात हॉलच्या छताला अठ्ठावीस होते. मी मोजले! स्वयंपाकघरात? एक ट्यूब. तीही ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईच्या पाठीमागे. म्हणजे ती जे काही चिरेल त्यावर आधी तिचीच सावली. पाहुणे महिन्यातून दोनदा येतात, ओटा दिवसभर चालतो, आणि हिशेब अठ्ठावीस विरुद्ध एक! हा अन्याय आहे, आणि तो छताला स्क्रूनं पक्का बसवलेला आहे. कॉलेजात असते तर मी यावर पत्रक काढून चौकात वाटलं असतं.

नाना धुळ्याकडचे, बोलणं अहिराणी, त्यात 'बठ्ठा' म्हणजे सगळा. त्यांनी पत्रकाशिवाय एका वाक्यात मिटवलं. "ताई, हाई घर शे का लगीनना मांडव? बठ्ठा उजेड हॉलमाच!"

"मग अक्का, तुम्हाला उजेड लागतो कधी?"

"दुपारी."

मला वाटलं, माझी फिरकी घेताहेत. पण एप्रिल संपत आला होता. जळगावची दुपार म्हणजे खिडक्या बंद, जाड पडदे ओढलेले, कूलर घरघरतोय आणि आत सिनेमाच्या थिएटरसारखा काळोख. आणि वर्षाचं धान्य भरायचे दिवसही हेच. ते निवडायचं काम अक्कांचं. जैन घरात हे वेळ घालवण्याचं काम नव्हे. चुकून एखादा जीव भांड्यात शिजू नये, म्हणून दाणा न् दाणा पाहायचा.

अक्कांनी आवाज खाली आणला. "मागच्या आठवड्यात डाळीत अळी निघाली. माझ्या मुलाच्या, कांतीच्या ताटात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आता घरचे म्हणतात, निवडणं सोडा, आराम करा. डॉक्टर म्हणतो डोळे चांगले आहेत. मग मला दिसत का नाही गं?"

"बसता कुठे, दाखवा."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चटई. अक्का ताट घेऊन बसल्या. मी वाकून पाहिलं. ट्यूब पाठीमागे, डोकं मध्ये आणि तुरीवर डोक्याची गोल सावली. त्यात फिकट अळी गरुडालाही दिसली नसती.

"अक्का, तुमच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. तुम्हाला अंधारात बसवलंय!"

हे मी जरा मोठ्यानं म्हणाले असणार, कारण अक्कांचा मुलगा कांतीभाऊ आत आले. कांतीभाऊंची डाळमिल आहे.

"मॅडम, वय झालं हो माँचं."

"भाऊ, मिलमध्ये डाळ तपासायच्या टेबलावर ट्यूब किती?"

"दोन. दोन्ही बाजूंनी."

"दोन कशाला?"

"एकच लावली की सावली पडते ना, मग खडा..." ते थांबले.

"डाळीला दोन, आणि आईला एक? तीही पाठीमागून?"

नानांना पुन्हा खोकला आला.

दहा मिनिटांत शोरूममधून सरांचा फोन. कांतीभाऊंनी तिकडे कळवलं असणार. "क्लायंटवर ओरडलीस?"

"प्रश्न विचारला, सर."

"मोठ्यानं?"

"हो."

"दिवे परत येताहेत का?"

"नाही सर. आता कुठे कामाला लागताहेत!"

नानांनी टेबलावरचा मधला दिवा काढून देवघराबाहेर शोभेला लावला. उरलेले दोन टेबलाच्या दोन टोकांना सरकवून खाली घेतले. मधे अक्कांची खुर्ची; आता निवडणं चटईवर नाही, इथे टेबलावर. बल्ब बदलले, कारण पिवळ्या उजेडात पिवळी डाळ म्हणजे सगळं एकाच रंगाचं. चार हजार केल्विनचे घेतले. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप: आकडा कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका निळसर. चार हजार म्हणजे साधा पांढरा. ओट्यावरच्या कपाटाखाली पट्टीचा लाइट बसवला. हॉलचे अठ्ठावीस वेगवेगळ्या स्विचांवर वाटले, उगाच सगळे पेटायला नकोत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कांतीभाऊ मिलमधून पुडी घेऊन आले. तुरीच्याच रंगाचे दहा खडे. आमच्यासमोर मोजले आणि ताटभर डाळीत मिसळले.

"दहाही निघाले तर निवडणं माँकडे. नाही तर मॅडम, तुम्ही यापुढे काही बोलायचं नाही."

अक्कांनी चष्मा पुसला. बोटं चालू लागली. एक. दोन. चार. सात. आठ. नऊ. मग बराच वेळ काहीच नाही. कांतीभाऊंचा चेहरा "सांगितलं होतं ना" असा व्हायला लागला, तेवढ्यात टक्! दहावा खडा वाटीत पडला. मी चक्क उडी मारली. नानांनी शिडीवर थाप दिली.

"गप्प बसा दोघं," अक्का म्हणाल्या. मान वर न करता त्यांनी आणखी एक उचलला. "अकरा."

"माँ, मी दहाच टाकले. मोजून!"

"मग हा तुझ्या मिलचा. डाळ तिथलीच आहे ना?"

आधी अक्का हसल्या, मग आम्ही सगळेच. कांतीभाऊ तो अकरावा खडा उजेडात धरून बघत राहिले. नाना म्हणाले, "भाऊ, मिलना लाइट बी बदलना पडतीन!"

बदलले. पुढच्याच आठवड्यात, आमच्याकडूनच. धान्य अजून अक्काच निवडतात.

मी यातून शिकले ते एवढंच. दिवा निवडण्याआधी तिथे कोण बसतं, किती वाजता आणि हातात काय घेऊन, हे विचारायचं. कॅटलॉगच्या भरवशावर राहायचं नाही. त्यात डायनिंग टेबलावर नेहमी उंच काचेचे ग्लास असतात. तुरीचं ताट मला अजून एकाही कॅटलॉगमध्ये दिसलेलं नाही.