कूलरच्या ताट्या

कूलरमधल्या वाळ्याच्या ताट्या भिजल्या, की त्या थंड वासानं माझा डावा कान अजूनही गरम होतो.

मी सात वर्षांची होते. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. त्या मे महिन्यात रोज डबल ड्युटी करून ते सकाळी घरी येत आणि कूलरसमोर आडवे होत. एका दुपारी कूलरमध्ये पाणी टाकताना माझ्या हातून लोखंडी बादली निसटली. बाबा उठले ते मारतच. पहिल्या थापडेनं मी ओल्या ताटीवर आदळले. त्यांनी बादली भिंतीवर हाणली, लाथ घालून कूलर पाडला आणि पुन्हा माझ्यावर धावले. माझ्या कानातून रक्त येत होतं.

आई मध्ये पडली. "मारून टाकता काय तिले?"

बाबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, चादर उचलली आणि निघून गेले. माझ्यावर रागावूनच ते घराबाहेर गेले, असं मला वाटत राहिलं. ते मित्राच्या क्वार्टरमध्ये रात्रीपर्यंत झोपले आणि डबल ड्युटी कायमची सोडली, हे आईनं फार उशिरा सांगितलं.

आता मी नर्स आहे आणि बाबा माझ्याकडेच राहतात. आज सकाळी रात्रपाळीहून आले, लेकीनं दूध सांडलं आणि माझा हात उठला. तो खाली घेऊन मी चादर उचलली, पण दारात थांबले.

"तुझ्यावर रागावून नाही चालली वं मी. माझी झोप नाही झाली. शेजारच्या मावशीकडे झोपून येते."

कूलरमध्ये पाणी टाकणारे म्हातारे बाबा थबकले.

"मले तुले हे सांगता नाही आलं," ते म्हणाले.