शनिवारच्या गावातला रविवार

रविवारी सकाळी कोट-टाय चढवून, बगलेत बायबल धरून मी चर्चच्या पायरीवर जाऊन बसलो, तर चर्चला कुलूप. नेपाळातलं डोंगरउतारावरचं खेडं होतं ते. आदल्या रात्री पोचलो होतो. नांदेडहून रेल्वे, मग बस, मग जीप, मग आणखी एक जीप. कमरेचा पार खुळखुळा झाला होता. तरी मी वेळेवर हजर, आणि गावात चिटपाखरू नाही. मनात म्हटलं, भक्ती जरा ढिली दिसते यांची. बरं झालं आपण आलो.

तिकडे सुट्टी शनिवारची असते आणि उपासनाही शनिवारीच होते, हे आमच्या पाळकसाहेबांनी लातूरच्या बैठकीत सांगितलं होतं म्हणे. त्या बैठकीला मी नव्हतो. माझी बॅच होती. लातुरात मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, आणि एकच मुद्दा तीन तऱ्हांनी सांगितल्याशिवाय माझा जीव भांड्यात पडत नाही. नांदेडच्या फलाटावर बायकोनं बजावलं होतं, "तिथं जाऊन लई बोलू नका. सेवेला जाऊन राहिले ना, मग कामच करा."

काम तसं साधं होतं. चर्चशेजारची खोली रंगवायची, मुलांना चार गोष्टी शिकवायच्या. गेलो होतो दोघंच, पाळकसाहेब आणि मी. साहेब प्रवासात पोट बिघडून आडवे झालेले. त्यामुळे मला आवरणारं कोणी उरलं नव्हतं.

जिच्या घरी आम्ही उतरलो होतो ती बाई तेवढ्यात समोरून आली. पन्नाशीची असेल, नवरा आखातात कामाला. पाठीवर भाताच्या रोपांचा भारा. मला कोटात बघून थबकली.

"प्रार्थना?" तिनं विचारलं.

"हाँ हाँ! आज संडे है ना!"

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खाली उताराकडे. मग भारा पायरीशी ठेवला आणि तिथल्या पाळकाला हाक मारायला गेली. दूरवरून आलेला पाहुणा देवाच्या दारात बसलाय, त्याला परत कसं पाठवायचं? कुलूप निघालं, घंटा वाजली. खालून बायामाणसं वर आली, गुडघ्यापर्यंत चिखल, हातातून पाणी ठिबकतंय. मला भरून आलं. आमच्या लातुरात लोक इस्त्री झाली नाही म्हणून उपासनेला दांडी मारतात.

मी साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, उभा राहिलो. विषय होता सेवा. मी हिंदीत बोलणार, तिथला पाळक नेपाळीत सांगणार, म्हणजे प्रत्येक वाक्य दोनदा. आणि मी तर आधीच तीनदा सांगणारा. मधेमधे ती बाई दाराबाहेर बघायची. मला वाटलं, डोळ्यांतलं पाणी लपवते आहे.

शेवटचं आमेन झालं आणि माणसं चहालाही न थांबता पळत सुटली. "क्या हुआ?" मी पाळकाला विचारलं.

तो मान खाली घालून म्हणाला, "कुछ नहीं सर. आज दीदी की बारी थी."

मग हळूहळू कळलं. तिथं भाताची लावणी सावडीनं होते, आज सगळे तुझ्या रानात, उद्या सगळे माझ्या. ओढ्याच्या पाटाचं पाणीही पाळीनंच. आज माणसं आमच्या घरमालकिणीची होती आणि दुपारपर्यंत पाणीही तिचं होतं. मी सेवेचा तिसरा मुद्दा सांगत होतो तेव्हा पाणी शेजारच्या रानात वळलं होतं.

मी लातूरचा माणूस. नळ आला की आमच्या गल्लीत लोक लग्नाच्या पंगतीतून उठतात. पाण्याची पाळी म्हणजे काय, हे जगात कोणाला कळत नसलं तरी मला कळायला हवं होतं.

कोट काढून, पँट दुमडून मी चिखलात उतरलो. पहिल्याच पावलाला रुतलो. दोन बायांनी दंडाला धरून उपसून काढलं, डावी चप्पल मात्र नेपाळातच राहिली. मी लावलेली रोपं माझ्या मागं एकेक करून तरंगायला लागली. ती बाई ती उचलून पुन्हा खोचत होती, म्हणजे माझ्यामुळे काम दुप्पट. शेवटी म्हणाली, "सर, आप बैठ जाइए ना." इतक्या नम्रपणे आयुष्यात मला कोणी हाकललं नव्हतं. उरलेला दिवस मी बांधावर चहाची किटली वाहिली.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यानं आपल्या पाळीतलं थोडं पाणी सोडलं, लोक आपापलं उरकून संध्याकाळी तिच्याकडे आले. वरचे वाफे लावून झाले. सगळ्यात खालची पट्टी तेवढी राहिली, आणि मग पाणी पार दुसऱ्या टोकाला गेलं. आम्ही निघालो त्या सकाळीही ती पट्टी मोकळीच होती. निरोपाला तिनं मला मक्याचे भाजलेले दाणे बांधून दिले. मी एकदाच 'धन्यवाद' म्हणालो आणि जीपमध्ये चढलो. माझ्या बाबतीत ही बातमीच म्हणायची.

लातूरला परतल्यावर रविवारी मंडळीसमोर साक्ष द्यायची होती. प्रवासानं अंग आंबलेलं. पाळकसाहेब म्हणाले, "सर, सावकाश सांगा, सगळ्यांना ऐकायचंय." मी उभा राहिलो. म्हणालो, "मी तिथं सेवेवर बोलत बसलो, म्हणून एका बाईचं रान अर्धवट राहिलं. तिच्यासाठी प्रार्थना करा." आणि बसलो. लोकांना वाटलं प्रस्तावना झाली. ते वाट बघत राहिले.

स्कूटीवर बायको मागं बसली. गल्लीच्या तोंडाशी आलो तर घागरींचा खडखडाट, नळाला पाणी आलेलं. ती उडी मारूनच उतरली, मोटार लावली, पाइप टाकीत सोडला. सगळी भांडी भरून झाल्यावर पदराला हात पुसत माझ्याजवळ आली.

"त्या बाईची पट्टी लागली असंल का हो?"

"माहीत न्हाई."

तिनं भरलेल्या टाकीवर झाकण लावलं. मग म्हणाली, "आज तुम्ही लवकर बसले म्हणून नळ सापडला. ही अक्कल तिकडं जायच्या आधी आली असती, तर तिलाबी पाणी सापडलं असतं."