अठरा हात दोरी

आमच्या गावाजवळच्या वैनगंगेच्या डोहाला तळ नाही. ही गोष्ट मला लहानपणापासून इतक्या गंभीर चेहऱ्यांनी सांगितली गेली, की प्राणिशास्त्र शिकवायला लागल्यावरही मी वर्गात तिच्याबद्दल बोलायचं टाळत असे. सात खाटांची सुतळी जोडून सोडली तरी पुरत नाही, असं म्हणत. कोणी सोडली, असं विचारलं की सांगणारा नदीपलीकडच्या गावाकडे बोट दाखवायचा. मी पलीकडच्या गावातही विचारलं होतं. त्यांनी आमच्या गावाकडे बोट दाखवलं.

सत्तरच्या दशकात, मी नुकताच कॉलेजात शिकवायला लागलो होतो तेव्हा, माझा थोरला भाऊ त्या डोहात गेला. पाऊस संपला होता, नदीचा गढूळपणा बसायला लागला होता. काठाचं धोतर नेसलेला दादा पलीकडच्या शेतातला धान पाहून डोंग्याने परत येत होता. डोंगा उलटला. त्यातली तीन माणसं पोहून काठाला लागली. दादा त्या तिघांपेक्षा चांगला पोहणारा होता. हे वाक्य पुढे आमच्या घरी फार वेळा बोललं गेलं.

बुडालेला माणूस काढायला आमच्याकडे ढीवर कोळ्यांतला एक जण ठरलेला असे. त्या काळी तो पन्नाशीचा असेल, आसगावच्या वाटेवर राहायचा. सगळे त्याला बाबाजी म्हणत. जाळं टाकणारा म्हणून तो बेताचा होता, पण खाली जाण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याची रीत अशी होती: कमरेला दोरी बांधायची आणि दोरीचं दुसरं टोक काठावर बुडालेल्याच्या रक्ताच्या माणसाने धरायचं. बाबाजी खाली गेला की काठावरच्याने नाकतोंड दाबून आपलाही दम धरायचा. त्याचा दम संपला की दोरीला झटका द्यायचा, म्हणजे बाबाजीने वर यायचं. खाली गेलेल्याला वेळेचं भान राहत नाही, शोधण्याची हाव सुटते. म्हणून त्याच्या दमाची चावी काठावरच्या कच्च्या माणसाकडे. रक्ताचंच माणूस काहून, असं मी विचारलं तेव्हा बाबाजी म्हणाला होता, परका माणूस कंटाळते.

वडिलांना दम्याचा त्रास होता. दोरी माझ्या हातात आली. मी तिचे तीन वेढे मनगटाला घेतले.

तीन दिवस मी डोहाच्या काठच्या चट्टानीवर उभा होतो. मागे सगळं गाव. बाबाजी खाली गेला की मी दम धरायचो, आणि माझ्याकडे बघता बघता मागची माणसंही धरायची. शंभरेक माणसं एका जागी श्वास न घेता उभी असली की जी शांतता होते ती मी पुढे कुठल्याच शोकसभेत ऐकली नाही. बाबाजी वर आला की सगळे एकदम सोडत, आणि तो आवाज धान उफणताना येतो तसा येई. दोन खेपांच्या मध्ये तो पाण्याबाहेर येत नसे. चट्टानीला कोपर टेकवून छातीपर्यंत पाण्यात राही, तंबाखूला नाही म्हणे आणि पुन्हा जाई. दुसऱ्या दिवसापासून तर तो मी झटका देण्याआधीच वर येई. मला वाटे, त्याला माझा दम खालूनच कळतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो खाली गेला. मी दम धरला. आदल्या दोन दिवसांत झोप नव्हती, पोटात काही नव्हतं. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. आणखी थोडं थांबता आलं असतं का, या प्रश्नावर मी पुढची बारा वर्षं घालवली. मी झटका दिला. दोरी हलली नाही. खालून जड लागली, जणू तिच्या टोकाला एक नाही, दोघं आहेत. मी पुन्हा ओढली. तेवढ्यात बाबाजीचं डोकं वर आलं. तोंडातलं पाणी थुंकून तो म्हणाला, “होता. हाताले लागला होता.”

आणि सगळ्या गावाने माझ्या हातातल्या दोरीकडे पाहिलं.

त्यानंतर तो चार-पाचदा गेला. काही मिळालं नाही. संध्याकाळी कमरेची दोरी सोडत म्हणाला, नदीनं जागा बदलली.

देह मिळत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पानं ओली होती. पुतळा धड पेटला नाही, आणि भटजी घड्याळाकडे बघत मंत्र पुन्हा म्हणत होते. मला कोणी काही बोललं नाही. आई कधीच बोलली नाही. फक्त तेराव्याला जेवताना एक चुलतकाका भाताला आळं करत, कोणाकडेही न बघता म्हणाले, “थोडा दम धराले पायजे होता.” ते बहुधा वरण वाढणाऱ्याला म्हणाले असतील. तसं समजायचा मी पुष्कळ प्रयत्न केला.

त्या दिवसापासून मला नकळत दम धरायची खोड लागली. न्हाव्यापुढे बसलो की, पुलावरून एसटी जाताना, वर्गात एखादं पोर उत्तर आठवत उभं असलं की. बायको विहिरीवर पाणी काढायला वाकली की मी ओसरीवर श्वास थांबवून उभा असे आणि ती घागर घेऊन वर झाली की सोडे. तिला आधी वाटलं, मी तिच्यावर उसासे टाकतो. कारण सांगितल्यावर ती जास्त घाबरली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात एका संस्थेने प्रवाळांच्या पाहणीसाठी काही कॉलेजांतून प्राणिशास्त्राचे प्राध्यापक मागवले. लक्षद्वीपच्या एका बेटावर चार दिवस, पाठीवर हवेचं नळकांडं बांधून पाण्याखाली. आमच्या प्राचार्यांनी माझं नाव पाठवलं, कारण विभागात मी एकटाच होतो. जाण्याआधीच पवनीला माझा सत्कार झाला. अध्यक्ष लाखनीहून दीड तास उशिरा आले आणि म्हणाले, समुद्राच्या तळाला जाणारा हा जिल्ह्यातला पहिला सुपुत्र. परत आल्यावर करू, असं कोणीतरी सुचवलं होतं. पण परत येण्याबद्दल कोणाला खात्री नव्हती आणि शाल तर आणून झाली होती.

मी का गेलो? प्रवाळांसाठी, असं अर्जात लिहिलं होतं. खरं सांगायचं तर मला एकदा खाली जाऊन बघायचं होतं की दम धरलेल्या माणसाच्या हाताला खाली जे लागतं ते काय असतं. दोरी मी लवकर ओढली की नाही, हे काठावरून कळत नव्हतं.

शिकवणारा आरमारातून निवृत्त झालेला मल्याळी गृहस्थ होता. त्याचं हिंदी माझ्या हिंदीइतकंच वाईट, त्यामुळे आमचं छान जमलं. त्याने पहिला नियम सांगितला: “साँस कभी मत रोकना.” छातीत हवा कोंडून वर आलात तर वर येता येता ती फुगते आणि फुप्फुस फाटतं. हवेचा हा नियम मी दरवर्षी पोरांना फुगा दाखवून शिकवत असे. त्याने फुगा काढला तेव्हा मी मान डोलावली.

पहिल्या दिवशी कंबरभर पाण्यात त्याने आम्हाला बसवलं. पाणी डोक्यावरून गेलं आणि माझं तोंड नळी चावून बंद झालं. पाठीवर तासाभराची हवा, आणि मी वैनगंगेच्या पोरासारखा दम धरून बसलेला. त्याने मला केसांना धरून वर काढलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला नावेवरच ठेवलं आणि काम दिलं: खाली गेलेल्यांचे बुडबुडे मोजत राहायचे, थांबले की त्याच्या माणसाला सांगायचं. म्हणजे इथेही काठावर एक जण उभा करतातच. मी इतक्या निष्ठेने मोजले की नावेतच चक्कर येऊन पडलो. त्यांनी समुद्र लागला असं लिहून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी त्याने मला हाताला धरून खाली नेलं. प्रवाळांच्या बागेचं वर्णन मी पुस्तकांत पुष्कळ वाचलं होतं. मला ती बाग वाटली नाही. सांबरांचे कळपच्या कळप मातीत पुरून फक्त शिंगं वर ठेवावीत, तसं ते रान होतं. त्यातून मासे जात होते, निळे, पिवळे, एकमेकांच्या वाटेत न येता. पाणी इतकं स्वच्छ होतं की मला लाज वाटली. आमच्या नदीत माणूस आपला हातही बघू शकत नाही.

मग एका कपारीखाली मला धोतराचा सोगा दिसला.

पांढरट, मऊ, पाण्यासोबत येत-जात होता. प्राणिशास्त्राच्या माणसाला तो मऊ प्रवाळ आहे हे कळायला हवं होतं, आणि मला ते कळतही होतं. तरी मी दम धरला आणि हात पुढे केला. तो हाताला लागला. ओल्या कापडासारखा, नेमका तसा. मी त्याला सोडेना. शिकवणाऱ्याने माझ्या छातीवर मूठ आपटली, पुन्हा आपटली, जोवर माझ्या तोंडातून बुडबुडे निघाले नाहीत तोवर. चष्म्याच्या आत पाणी आलं. ते समुद्राचं नव्हतं, पण काढायची रीत तीच आहे.

चौथ्या दिवशी मी श्वास घेत राहिलो. त्याच कपारीपुढे बसलो. चाळीस मिनिटं. कोणी दोरी ओढली नाही. डोहाच्या काठावर त्या तीन दिवसांत आमच्याकडे असं एक नळकांडं असतं तर, हा विचार आला. श्वास घेत असल्यामुळे तो नीट शेवटपर्यंत करता आला.

परत आल्यावर दुसरा सत्कार झाला. तीच भाषणं, शाल वेगळी. मी ती शाल आणि नारळ तसेच उचलून आसगावच्या वाटेवर बाबाजीकडे गेलो. तो आता पार थकला होता, ओट्यावर बसून फाटकं जाळं विणत होता. समुद्रात काय होतं, ते त्याने आधी विचारलं. मी सांगितलं.

“खाली श्वास घ्याचा?” तो म्हणाला. “मंग त्यात काय राहिलं, मास्तर?”

मी त्याला कापडासारख्या प्रवाळाबद्दल सांगितलं. मग विचारलं, तिसऱ्या दिवशी तुमच्या हाताला लागलं ते खरंच दादा होता का, की शेवाळ वगैरे.

“धोतर होतं. काठाचं. बोटांत धरलं होतं मी.”

“आणि मी दोरी ओढली.”

त्याने जाळ्याची गाठ आवळली.

“दोरी कोणाले होती? पयल्या दिवशी अडकत होती, म्हून दुसऱ्या दिवसापासून खाली गेलो का दगडाले बांधून ठेवो. सांजले सोडून कमरेले घ्यायचो. तुमी दगड ओढून राहिले होते.”

“मग वर का आलात?”

“माजा दम सरला.” त्याने जाळं मांडीवरून खाली ठेवलं. “वर आलो तं सारे तुमच्या हाताकडे पाहून राहिले होते. मी चूप रायलो. मले वाटलं, दोन-चार दिवसांत भुलतील लोक.”

मला राग यायला हवा होता. मी फक्त श्वास घेतला, मोठा, आणि त्यानेही घेतला. बारा वर्षं आम्ही दोघं एकाच पाण्यात होतो. त्याला बहुधा माझ्यापेक्षा जास्त त्रास झाला असेल. मला निदान बायको विचारायला होती.

जाताना त्याने आत जाऊन आढ्यावरची दोरी काढली आणि माझ्या हातात दिली. त्याला आता ती लागणार नव्हती. सुताची, काळी पडलेली. शाल त्याने ठेवून घेतली, नारळ परत दिला, दात नव्हते.

दोरी माझ्याकडे आहे. डोहाला तळ नाही असं गावात आजही सांगतात. घरी येऊन मी ती मोजली. अठरा हात भरली. पैकी खाली तळाच्या दगडाला दोन वेढे आणि वर माझ्या मनगटाला तीन.