शेवटी गोरी होणारी राजकन्या

अंजनगाव सुर्जीच्या बाजारात मनकर्णाबाईंच्या दुकानावर हार विकत मिळत आणि मत फुकट. सकाळी घरी शेवंती ओवताना मात्र त्यांच्या तावडीत सापडायचे मोबाइलवरचे राजपुत्र. सात वर्षांची नात करिश्मा कार्टूनचे परीकथांचे सिनेमे लावायची. आजीचे हात सुईदोऱ्यावर आणि डोळे पडद्यावर.

त्यातल्या एका सिनेमावर त्यांचा भारी राग. त्यातली राजकन्या सावळी, पण मनाने सोनं. जो तो गाणं म्हणून सांगतो की रूप पाहू नका, मन पाहा. राजपुत्र मन पाहतो, न विचारता तिचा हात धरतो, आणि धरल्याबरोबर ती गोरीपान होते!

"मन पाह्यलं म्हणते, मंग रंग काहून बदलला?" मनकर्णाबाई मोबाइलवर खेकसायच्या. "अन् हात धराच्या आंधी इचारलं का तिले?"

"आजी, शेवटी असंच असते," करिश्मा समजूत घालायची.

आता याच बाईंच्या घरात लग्नाची लेक होती. प्रणाली सावळी, हुशार, फुलांच्या रोपांची नर्सरी एकटीने सांभाळणारी. दोन स्थळं 'कळवतो' म्हणून गेली ती गेलीच. तिसरं आलं अकोटहून. मुलगा सागर, कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला. हे तरी हातचं जाऊ नये म्हणून मनकर्णाबाईंनी गुपचूप फोटोवाला गाठला, प्रणालीचा फोटो चांगला उजळ करून घेतला आणि तोच अकोटला पाठवला. स्वतःचा मुलगा गोपाल, त्यालाही पत्ता लागू दिला नाही. राजपुत्राला नावं ठेवणारं तोंड तेव्हा बरं गप्प बसलं!

पाहुणे येणार त्या रविवारी किलोभर बेसन आणलं आणि सकाळीच प्रणालीला हळद-बेसन फासलं.

"माय, अर्ध्या तासात कोणी गोरं होते का वो?"

"चूप बस. डोळे मीट."

दहा वाजता सागर, त्याची आई शकुनबाई आणि मामा शेषराव येऊन बसले. सागरने घरात आल्यावरही टोपी काढली नव्हती. प्रणाली पोहे घेऊन आली. शेषरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग मोबाइलमधल्या फोटोकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"आमाले रंगाचं काही नाई बाप्पा, आमी मन पाह्यतो," ते म्हणाले. "पण फोटोतली पोरगी हेच ना?"

"उजेड जास्त पडला असंन..." मनकर्णाबाईंनी सुरुवात केली. तेवढ्यात करिश्माने खणखणीत आवाजात विचारलं, "आजी, आत्या पण शेवटी गोरी होते ना?"

सगळ्यांचे घास तोंडातच राहिले. मनकर्णाबाईंनी लेकीकडे पाहिलं. प्रणालीची मान खाली होती, कानामागे बेसनाचा पिवळा ओघळ वाळून बसला होता. मनकर्णाबाईंना स्वतःचीच शरम वाटली.

"नाई होत बाई," त्या म्हणाल्या. "आत्या अशीच राह्यते. फोटो म्या उजळ करून घेतला. चूक माही आहे, पोरीची नाई."

शेषरावांनी बशी खाली ठेवली आणि ते उठायला लागले. पण सागरने त्यांचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने टोपी काढली. कपाळ पार टाळूपर्यंत पोचलं होतं.

"बसा मामा. माह्या फोटोत केस कोणं लावले, ते सांगू का?"

शकुनबाईंना ठसका लागला. प्रणाली आधी पदराआड हसली, मग खदखदून. तिसरं स्थळ, पण पाहुण्यांसमोर ती हसली पहिल्यांदाच.

"जाऊ द्या ना वो," शकुनबाई डोळे पुसत म्हणाल्या. "दोघींनं सारखंच केलं. आता जेवूनच जातो आमी."

पसंती झाल्याशिवाय मुलीच्या घरी चहापोह्यांपुढे कोणी जात नाही, त्यामुळे याचा अर्थ सगळ्यांना कळला. गोपालने तर ताटंही काढली. मनकर्णाबाई हरखून उठल्या आणि दारातच थबकल्या.

"थांब रे. हिले कोणं इचारलं?" त्या प्रणालीकडे वळल्या. "हे जेवाले थांबले, त तुले चालते का?"

प्रणालीने सवडीने सागरकडे पाहिलं. त्याला घाम फुटला होता.

"पुन्हा टोपी घालत नसतीन, त थांबू द्या," ती म्हणाली.

सागरने टोपी घडी करून खिशात कोंबली. करिश्मा आजीच्या मागे स्वयंपाकघरात पळाली. "आजी, याले शेवटी केस येतात का?"

"नाई येत बाई," उरलेलं बेसन पातोडीच्या भाजीसाठी परातीत ओतत मनकर्णाबाई म्हणाल्या. "अन् त्यावाचून कोणाचं अडतही नाई."